हावदालाच्या मेणबत्तीचा फोटो: ज्योत सांभाळायची की नखं?

तिसरी_चांदणी

शब्बाथ (ज्यूंचा शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र असा विश्रांतीचा दिवस) संपताना होणाऱ्या हावदाला या विधीच्या (काही घरांत हब्दाला म्हणतात) मेणबत्तीचे फोटो नीट कसे काढायचे, यावर मराठीत एका जागी काही सापडत नाही. म्हणून हा धागा.

विधी माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. शनिवारी चांदण्या दिसू लागल्या की काठोकाठ भरलेला द्राक्षरसाचा पेला, सुगंधी मसाल्याची डबी आणि अनेक वातींची वेणीसारखी वळलेली मेणबत्ती घेऊन चार आशीर्वाद म्हणतात. क्रम ठरलेला: द्राक्षरस, सुगंध, अग्नी आणि शेवटी पवित्र दिवस व कामाचे दिवस यांत भेद करणाऱ्याचा. अग्नीच्या आशीर्वादाला सगळे जण हात ज्योतीकडे नेऊन नखं पाहतात. शेवटी द्राक्षरस पिऊन ताटलीत सांडलेल्या थेंबांत मेणबत्ती विझवतात. सगळं मिळून तीन ते पाच मिनिटं. पुन्हा करून दाखवा म्हणायची सोय नाही.

जागा घरातली, खोली १० बाय १२ फूट, पांढऱ्या भिंती, सात-आठ माणसं गोल करून उभी. फुलफ्रेम मिररलेस, ५० आणि ८५ मिमी, दोन्ही एफ/१.८. फ्लॅश मारायचा नाही. चाचणीच्या फोटोंत एकतर ज्योतीचा पांढरा गोळा होतो, नाहीतर माणसं काळीठिक्कर पडतात. मधलं काही हाती लागत नाही.

उजेडमाप

मधलं काही नाहीच, म्हणून ते हाती लागत नाही. आकडे मांडून बघा.

मेणबत्तीच्या ज्योतीची चकाकी दर चौरस मीटरला साधारण १०,००० कॅंडेला. आयएसओ १०० ला हे ईव्ही (एक्स्पोजर व्हॅल्यू, उजेडाची पायरी) १६ च्या वर जातं, म्हणजे भर दुपारच्या उन्हाहूनही जरा जास्त. आता उजेड किती पडतो ते बघू. साध्या मेणबत्तीपासून १ मीटरवर १ लक्स मिळतो. चार वातींची मिळून झालेली ज्योत तिच्या पाचपट धरली, तर १ मीटरवर ५ लक्स आणि ३० सेंमीवर ५० च्या आसपास. ५० लक्स म्हणजे ईव्ही ४ ते ४.५. थोडक्यात, ज्योतीशेजारचा हात आणि ज्योत यांत अकरा-बारा स्टॉपचं अंतर आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आयएसओ १६०० ला कुठलाही सेन्सर हे दोन्ही एका चौकटीत सुखाने बसवणार नाही.

तेव्हा आधी एक बाजू निवडा. माझं मत: हात आणि चेहरे धरा, ज्योतीचा गाभा जळू द्या. मॅन्युअल मोडवर सुरुवात अशी करा:

हात, ज्योतीपासून ३०–४० सेंमी: एफ/२, १/८०, आयएसओ १६००.
गोलात उभे असलेल्यांचे चेहरे, १ मीटरवर: एफ/१.८, १/५०, आयएसओ ६४००.

हा साधारण तीन स्टॉपचा फरक पाठ करून ठेवा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो. मेणबत्ती धरणाऱ्याने हात वीतभर पुढे-मागे केला तरी तुमचं एक्स्पोजर बदललेलं असतं. ऑटो आयएसओ लावलात तर ज्योत चौकटीत आत-बाहेर झाली की कॅमेरा गोंधळतो आणि लागोपाठचे दोन फोटो दोन वेगवेगळ्या खोल्यांतले वाटतात.

वातकुक्कुट

आकड्यांच्या आधी पंखा बंद करा! मुंबई-पनवेलच्या घरात सगळ्यात जास्त फोटो पंख्याने घालवलेत. ज्योत आडवी पडते, एका बाजूचं मेण भराभर वितळतं, पलीकडची वात विझून धूर सोडते आणि तो धूर नेमका लेन्ससमोर येतो. एसीचा झोतही तसाच. पंखा दोनेक मिनिटं आधी थांबवा, कारण बटण बंद केल्यावर पाती थांबली तरी खोलीतली हवा फिरतच असते.

पण ते बटण कोणी आणि कधी बंद करायचं, हा वेगळा प्रश्न आहे. शब्बाथ चालू असताना घरातले लोक दिवा-पंख्याला हात लावत नाहीत.

लोदहून_मराठी

तेच लिहायला आलो होतो. वेळेचं आणि रीतीचं आधी बघा, शटरचं मग.

शब्बाथ सूर्यास्ताला संपत नाही, चांदण्या दिसण्याइतका अंधार झाल्यावर संपतो. सूर्य क्षितिजाखाली साडेआठ अंश ही मोजणी धरली तर मुंबईत सूर्यास्तानंतर साधारण ३२ ते ३६ मिनिटं, इथे इस्रायलमध्ये ३६ ते ४२ च्या घरात. काही घरं याहून जास्त थांबतात. लंडनला जून महिन्यात रात्रीचे दहा वाजून जातात. तेव्हा यजमानांना त्यांची वेळ विचारा, मोबाइलवरचा सूर्यास्त बघून दारात हजर होऊ नका.

कॅमेरा चालू करणं, दिवा लावणं-घालवणं ही सगळी शब्बाथला वर्ज्य कामं. तुम्ही स्वतः ज्यू नसलात तरी घरच्यांनी तुम्हाला 'जरा तेवढा पंखा बंद करा' असं सांगणंही त्यांच्या नियमात बसत नाही, त्यामुळे त्यांना तशा पेचात टाकू नका. संध्याकाळच्या प्रार्थनेत भेदाचं वचन आलेलं असतं. ते म्हटलं नसेल त्यांनी 'बारूख हामावदील बेन कोदेश लेखोल' एवढं म्हटलं की काम करायला मोकळीक मिळते. हावदालाची मेणबत्ती पेटवतात तीही यानंतरच. म्हणजे पंखा, दिवे आणि कॅमेरा या सगळ्यांना त्या वचनानंतर आणि पहिल्या आशीर्वादाआधी दोन-चार मिनिटं मिळतात. तरी काही घरांत पूर्ण हावदाला होईपर्यंत कॅमेरा नको असतो. आधीच विचारा, म्हणजे शुक्रवारी दुपारपर्यंत.

ट्रायपॉड आणि काळं कापड लावायचं असेल तर तेही शुक्रवारी सूर्यास्ताआधी लावून या. नंतर घरचे लोक ते हलवणार नाहीत, म्हणून त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत ठेवू नका.

आणखी एक. प्रत्येक हावदालाला मेणबत्ती असतेच असं नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सण संपतो तेव्हा ना अग्नी ना मसाला, नुसता पेला. योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा उपवासाचा दिवस) संपताना अग्नी असतो, पण तो आदल्या दिवसापासून जळत ठेवलेल्या दिव्यावरून घेतलेला. फोटोची तारीख ठरवताना एवढं बघून घ्या.

तिसरी_चांदणी

@लोदहून_मराठी, मोलाची माहिती, हे डोक्यातच नव्हतं. शुक्रवारी दुपारी जाऊन बोलणं करते. मेणबत्ती मात्र अजून घेतलेली नाही. कुठली घेऊ? दिसायला सुंदर अशी सहा पदरी बघितली आहे, रंगीत.

मेणकरी

दिसायला सुंदर आणि जळायला सुंदर, या दोन गोष्टी वेगळ्या.

मुळात हवी आहे ती मशाल. तालमूद या ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात (पेसाहीम हा भाग, पान १०३) हावदालासाठी 'अवूका' म्हणजे मशाल उत्तम असं म्हटलंय, म्हणून किमान दोन वाती एकत्र जळायला हव्यात. वेणी ही पुढची हौस. वेणीची नसेल तर दोन साध्या मेणबत्त्या ज्योती जुळतील अशा तिरप्या धरल्या तरी चालतं.

फोटोसाठी माझी पसंती चार वातींची, मधमाश्यांच्या मेणाची, न रंगवलेली. कारणं सांगतो. सहा वाती एकत्र जळल्या की मधल्या वातींना हवा कमी मिळते. मग अर्धवट जळलेली वाफ हवा शोधत वर चढते, ज्योत वीतभर लांब होते आणि टोकाला काजळी धरते. छोट्या खोलीत ती काजळी फोटोत धुरकट पट्ट्यासारखी येते, शिवाय मेणबत्ती धरणाऱ्याला उष्णता सोसत नाही आणि हात हलतो. चार वातींना ज्योत आटोक्यात राहते.

मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. मेणबत्त्यांचं पॅराफिन बहुधा त्याच्या आत. शिवाय वेणीतले पदर बारीक असतात आणि सगळ्या वातींची आच एका जागी येते, त्यामुळे पॅराफिनच्या वेण्या भयंकर गळतात. दुसरं असं की मधमाश्यांच्या मेणातून उजेड झिरपतो. वातीखालचा एक-दोन सेंमीचा भाग आतून पेटल्यासारखा सोनेरी दिसतो. गडद निळ्या किंवा लाल मेणात हे दिसत नाही, तिथे नुसता काळा खांब येतो. निळा तर मेणबत्तीच्या पिवळ्या उजेडात काळाच दिसणार, कारण त्या उजेडात निळा भाग जवळपास नसतोच.

तयारी: वाती ५–६ मिमीवर कापा, सगळ्या सारख्या. नव्या मेणबत्तीच्या सगळ्या वाती एकदम धरत नाहीत, एखादी मागे राहते आणि पहिलं अर्धं मिनिट ज्योत लंगडी दिसते. घरच्यांची हरकत नसेल तर आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी मिनिटभर जाळून ठेवा. मग ऐनवेळी पाच-सात सेकंदांत भरलेली ज्योत मिळते.

धरताना सरळ उभी. तिरकी धरली की खालच्या अंगाच्या पदरावरून मेण थेट बोटांवर येतं. पुठ्ठ्याच्या चकतीला मधे भोक पाडून मेणबत्तीच्या खालच्या तिसऱ्या भागात चढवा, काळ्या पुठ्ठ्याची घेतली तर फोटोत जाणवत नाही. अॅल्युमिनियमची फॉइल नको, ती चमकते.

नखशिखांत

आता धाग्याच्या नावातला मुद्दा. मेणबत्तीचे सुटे फोटो ढिगाने आहेत, नखांचे चांगले फोटो बोटांवर मोजण्याइतके. (शब्दखेळ चुकून झाला.)

आशीर्वाद ज्योत दिसण्यावर नाही, तिच्या उजेडाचा उपयोग होण्यावर आहे. मिश्नात, म्हणजे तालमूद ज्यावर उभा आहे त्या मूळ नियमसंग्रहात (बेराखोत हा भाग, आठवा अध्याय), स्पष्ट आहे की उजेडाचा लाभ होईपर्यंत दिव्यावर आशीर्वाद म्हणू नये. म्हणून हात जवळ न्यायचे, नखं आणि कातडी वेगळी ओळखू यायची. @उजेडमाप यांचं 'हात धरा, ज्योत जळू द्या' हे मोजमाप विधीच्या अर्थालाही धरून आहे.

बसवायचं कसं? तळवा वर, बोटं आत वळवलेली, नखांवर उजेड आणि तळव्यावर बोटांची सावली. हा सावली-उजेडाचा भेद चौकटीत यायला हवा. माणसाच्या खांद्यामागून कॅमेरा ठेवा, ज्योतीच्या रेषेपासून ३०–४० अंश बाजूला. बरोबर समोरून घेतलं तर हाताची काळी बाह्याकृती मिळते, ज्योतीच्या बाजूने घेतलं तर सावली नाहीशी होते. नखं गुळगुळीत असतात, ठरावीक कोनात ती आरशासारखी ज्योत परावर्तित करतात आणि पांढरा ठिपका येतो. कॅमेरा दोन बोटं वर-खाली केला की ठिपका जातो.

फोकस नखांवर, ज्योतीवर कधीच नाही. ज्योतीला कडा नसते, ऑटोफोकस तिथे मागे-पुढे शोधत बसतो. ५० मिमीला एफ/२ वर ८० सेंमीवरून जेमतेम ३ सेंमी खोली मिळते. एका हाताची नखं त्यात मावतात, दोन हातांची नाही. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्यावरचा दिवा मेनूत जाऊन बंद करा, नाहीतर ऐन आशीर्वादात सगळ्यांच्या हातावर हिरवा किंवा लाल ठिपका नाचतो.

हा क्षण किती टिकतो? बहुतेक ठिकाणी अर्धं मिनिट, कमीही. आधीचे दोन आशीर्वाद चालू असताना जागा धरून बसा.

एफ_आठ

माझा विरोध नोंदवा. ज्योतीचा गाभा जळालेला फोटो मला अपुरा वाटतो. वातींभोवतीचा तळाचा निळसर भाग, दोन ज्योती जिथे जुळतात ती रेघ, हे सगळं हातांसाठी एक्स्पोज केल्यावर गायब. वेणीच्या मेणबत्तीचं वैशिष्ट्य तर तिथेच आहे.

हे हवं असेल तर मेणबत्तीचा सुटा फोटो वेगळा काढा, विधीत नाही. ट्रायपॉड, काळं कापड किमान दीड मीटर मागे, आयएसओ १००, एफ/८. एक फोटो १/२५० ला, त्यात ज्योतीचा आकार आणि रंग. दुसरा अर्धा ते एक सेकंद, त्यात वेणीचे पदर. नंतर दोन्ही एकमेकांवर बसवायचे. दुसऱ्या फोटोसाठी बाजूने अगदी तिरपा, मंद दिवा दिला तर पदरांमधल्या खाचा उठून दिसतात. समोरून दिवा दिलात तर वेणी सपाट दिसते.

ज्योत एका सेकंदात दहाएक वेळा थरथरते. म्हणून १/१५ पेक्षा हळू शटरला कडा लोण्यासारख्या मऊ होतात, १/६० च्या वर आकार धरला जातो. पाच-सहा फोटोंची झड घेतली की एखादी सरळ उभी ज्योत सापडतेच.

उजेडमाप

@एफ_आठ, सुट्या फोटोला माझा विरोध नाहीच. फक्त दोन फोटो जोडलेलं चित्र विधीचा फोटो म्हणून लावू नका.

रंगाचं राहिलं होतं. ज्योतीचं रंगतापमान १,९०० केल्विनच्या आसपास. पुष्कळ कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स २,५०० च्या खाली जात नाही. जाऊही नये, पूर्ण पांढरा केलेला मेणबत्तीचा उजेड दवाखान्यासारखा दिसतो. २,८०० ते ३,२०० ठेवा आणि रॉ मध्ये काढा.

खरी फसगत लाल चॅनेलची. या उजेडात लाल भरपूर, निळा नावालाच. साध्या हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) सगळं ठीक दिसतं, पण गाल-कपाळावर लाल भरून वाहिलेला असतो आणि चेहऱ्यावर टोमॅटोसारखे सपाट डाग येतात. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा, लाल उजव्या भिंतीला टेकला की दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा. दाणे दिसतात ते बहुतेक निळ्यातले, रंगाचे दाणे घालवणारी पट्टी वापरा, तपशिलाला हात लावू नका.

पूरक दिवा अगदीच लागला तर छताकडे वळवलेल्या मंद फ्लॅशवर नारिंगी फुल सीटीओ जेल (उजेड पिवळा करणारा पारदर्शक रंगीत कागद) एक नाही, दोन लावा. एकाने ५,५०० चं २,९०० होतं, दोन लावल्यावर २,००० च्या आसपास येतं आणि मेणबत्तीशी जुळतं. प्रत्येक जेल पाऊण-एक स्टॉप खातं.

काचबिंदू

कोणी लिहिलं नाही म्हणून: लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा! ज्योत वरच्या उजव्या कोपऱ्यात असेल तर खालच्या डाव्या कोपऱ्यात तिची उलटी, फिकट पिल्लू-ज्योत येते. सेन्सरवरून परतलेला उजेड फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो, त्याची ही करामत. फिल्टर काढला की बहुतेक वेळा जाते.

चांदीचा पेला आणि मसाल्याची चांदीची डबी यांच्यात ज्योतीबरोबर फोटोग्राफरही दिसतो. पोलरायझर (चमक घालवणारा फिल्टर) आणू नका, धातूवरच्या चमकेवर तो चालत नाही, वर दीड स्टॉप उजेड खातो. गडद कपडे घाला आणि कोन बदला. पेल्याचा फोटो मात्र खालून घेण्यासारखा: काठोकाठ भरल्यावर द्रव काठाच्या किंचित वर फुगतो आणि त्या फुगवट्यावर ज्योतीची रेघ उमटते. बेने इस्रायली (कोकणातले मराठी ज्यू) घरांत वाइनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत असेल तर ते तपकिरी आणि गढूळ असतं, आरपार लाल चमक येणार नाही. तिथे पृष्ठभागावरचं प्रतिबिंबच धरा.

हातातला_फोन

आणि आमच्यासारख्या मोबाइलवाल्यांनी काय करायचं?

काचबिंदू

नाइट मोड बंद, पहिलं हेच. तो एक-तीन सेकंदांत घेतलेले अनेक फोटो जोडतो, त्यात ज्योतीचा कापूस होतो आणि हात दुहेरी येतात. मुख्य लेन्सच वापरा. झूमची लेन्स निवडलीत तरी अंधारात बरेच फोन गुपचूप मुख्य लेन्सचाच फोटो कापून देतात. नखांवर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर कुलूपबंद करा, मग सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. लेन्स रुमालाने पुसा, बोटाचा तेलकट ठसा असला की ज्योतीतून लांब रेघा फुटतात. उलटी पिल्लू-ज्योत फोनमध्येही येते, हिरवट ठिपक्यासारखी. तिथे काढायला फिल्टर नाही, म्हणून ज्योत चौकटीच्या बरोबर मधे आणा, दोन्ही एकमेकांवर बसतात.

व्हिडिओ घेत असाल तर २५ फ्रेम आणि १/५०. शेजारच्या खोलीचा एलईडी चालू राहिला तर आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेला १/५० किंवा १/१०० च बरं, नाहीतर आडवे पट्टे येतात. कॅमेऱ्याच्या आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरलाही हेच लागू.

लोदहून_मराठी

सिनगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) काढणाऱ्यांसाठी पुरवणी. पुण्याचं ओहेल डेव्हिड (१८६७, आपलं लाल देऊळ) किंवा काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू (१८८४) अशा उंच वास्तूंत भिंती दूर, छत दूर, त्यामुळे परत येणारा उजेड शून्य. घरच्या आकड्यांत आणखी एक स्टॉप वाढवा. केनेसेथ एलियाहूच्या रंगीत काचा मागे धरायचा मोह आवरा. त्या वेळी बाहेर अंधार असतो, आतून काचा काळ्या दिसतात. परवानगी आणि सुरक्षा तपासणीचं आधी ठरवून जा, पुरुषांनी डोकं झाकायला काही तरी न्या.

तिसरी_चांदणी

शेवटचा प्रश्न, विझवण्याचा. ताटलीत मेणबत्ती टेकवतात तो क्षण आणि नंतरचा धूर. दोन्ही हवेत.

नखशिखांत

दोन्हींचा उजेड वेगळा आहे, अडचण तीच.

टेकवताना ज्योत ताटलीजवळ येते, त्यामुळे ताटली उजळते आणि चेहरे बुडतात. हातांच्याच आकड्यांवर राहा, शटर १/१२५ करा, झड ज्योत टेकायच्या आधी एक सेकंद सुरू करा. चर्र आवाज ऐकून बटण दाबलंत तर उशीर झालेला असतो. चारही वाती एकदम विझत नाहीत, एक उरलेली वात आणि बाकीच्यांचा धूर असा अर्ध्या सेकंदाचा एक क्षण मिळतो, तो सगळ्यात चांगला.

त्यानंतर खोलीत काळोख, धूर असूनही दिसणार नाही. धूर दिसायला त्याच्या मागून किंवा बाजूने उजेड आणि पलीकडे काळोखी हवी. मागच्या खोलीचं दार चार बोटं उघडं ठेवा, तिथला दिवा आधीच ठरवून चालू. आयएसओ ६४००, १/१२५, एफ/२. समोरून दिवा लावलात तर धूर भिंतीत मिसळतो.

मेणकरी

ताटलीत वाइन किंवा सरबतच असू द्या. काही जण ज्योत भडकावी म्हणून ब्रँडी ओततात. चाळीस टक्क्यांची दारू ऊब मिळाली की पेट घेते, निळी ज्योत अंधारात नीट दिसत नाही आणि शेजारी टेबलक्लॉथ असतो. ताटली खोलगट घ्या, सपाट नको. द्रव किमान अर्धा सेंमी, नाहीतर वाती बुडत नाहीत आणि विझलेली वात पुन्हा धरते. विझल्यावर मेणबत्ती लगेच उचलू नका, वितळलेलं मेण द्रवात सांडून ताटलीला चिकटतं. चिकटलंच तर ताटली तासभर फ्रीझरमध्ये, मग लाकडी चमच्याने निघतं. चांदीवर सुरी नको.

तिसरी_चांदणी

चार वातींची, न रंगवलेली मागवली. पंखा, यूव्ही फिल्टर, फोकसचा दिवा, काळी चकती, मागचं दार, एवढं कागदावर लिहून घेतलं. एकच शंका: मेणबत्ती बहुधा घरातली लहान मुलगी धरेल. तिची उंची कमी, मग ज्योत मोठ्यांच्या छातीपाशी येईल ना?

उजेडमाप

येईल, आणि चेहऱ्यांवर खालून उजेड पडेल, भुतासारखा. तिला पाटावर उभी करा, ज्योत मोठ्यांच्या हनुवटीच्या उंचीला आली की पुरे. केस मागे बांधायला सांगा.